‘पिक अप’चा हौदा

नाशिक जिल्ह्यात ‘पिकअप’ म्हटलं की इंग्रजी क्रियापद कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. येते ती गाडी. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, हौद्याला साखळीचा फाळका, आणि आत लासलगावला चाललेला कांदा नाहीतर पिंपळगावला चाललेले टोमॅटोचे क्रेट. मी संध्याकाळी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग घेतो. तिथे पहिल्या आठवड्यात ‘पिक अप म्हणजे काय?’ असं विचारलं की निम्मा वर्ग गाडीचं नाव सांगतो आणि उरलेला निम्मा म्हणतो, ‘सर, माझ्या बाइकला पिकअपच नाही राहिला.’ दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. गाडी चटकन वेग घेते की नाही याला अमेरिकेतही पिकअप म्हणतात. पण ही दोन्ही नामं झाली. क्रियापद मात्र आपण रोज वापरतो आणि रोज चुकवतो.

चूक कुठून येते ते आधी बघू. आपण मराठीत म्हणतो, ‘मी तुला सहा वाजता पिकअप करतो.’ वाक्य अगदी रुळलेलं आहे, त्यात काही वावगं नाही. पण या वाक्यानं एक घोटाळा केला. ‘करणे’च्या आधी बसवायला आपल्याला नाम लागतं, म्हणून आपण ‘पिक’ आणि ‘अप’ यांना वेल्डिंग मारून एकच शब्द केला. मग इंग्रजी बोलायची वेळ आली की तोच जोडलेला तुकडा उचलतो आणि त्याला ‘यू’ चिकटवतो : ‘आय विल पिकअप यू ॲट सिक्स.’ ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य कानाला खटकतं. जसं कुणी आपल्याला ‘मी घेऊन टाकतो तुला’ म्हणावं, तसं.

इंग्रजीत हे दोन शब्द वेगळेच आहेत, आणि त्यांच्यामध्ये जागा आहे. ही जागा समजवायला मला आपल्या पिकअप गाडीपेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. पुढची केबिन म्हणजे ‘पिक’. मागचा फाळका म्हणजे ‘अप’. मधला हौदा म्हणजे ज्याला उचलायचं त्याची जागा.

आता माल भरायचा. माल बारीक असेल, म्हणजे मी, तू, तो, ती, ते असा एका अक्षराचा सर्वनामी माल असेल, तर तो हौद्यातच जातो. ‘पिक मी अप.’ ‘पिक हर अप.’ ‘पिक इट अप.’ ‘पिक देम अप.’ बारीक माल फाळक्याबाहेर ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर सांडणार, आणि नाशिकच्या द्वारका चौकातून नाशिकरोडला जाणाऱ्याला खड्डे काय असतात ते सांगायला नको. ‘पिक अप मी’, ‘पिक अप इट’ ही अशी सांडलेली वाक्यं.

मध्यम माल असेल, म्हणजे ‘द पार्सल’, ‘द किड्स’, ‘माय मदर’, तर तो हौद्यातही मावतो आणि फाळक्यामागेही बांधता येतो. ‘पिक द पार्सल अप’ आणि ‘पिक अप द पार्सल’, दोन्ही चालतात. अर्थामध्ये फरक नाही. जीभ जिकडे वळेल तिकडे जा.

आणि माल लांबलचक असेल तर? ठिबकचे पाइप किंवा मांडवाचे बांबू हौद्यात आडवे मावत नाहीत, ते फाळका ओलांडून मागे लोंबतात आणि त्यांना लाल फडकं बांधतात. तसंच ‘पुण्याहून काल जे पार्सल आलंय ते’ इतकं लांब असेल तर ते ‘अप’च्या मागेच जातं : ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे यस्टर्डे.’ हे सगळं मध्ये कोंबलं तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ‘पिक’ विसरून जातो.

एवढा एक नियम कळला की निम्मं काम झालं. वर्गात मी सराव असा घेतो : आधी मोठं वाक्य, मग त्याचं सर्वनाम करून परत. ‘कॅन यू पिक अप द किड्स?’ ‘शुअर, आय विल पिक देम अप.’ ‘डिड यू पिक अप द मेडिसिन्स?’ ‘येस, आय पिक्ड देम अप.’ इथे जाता जाता आणखी एक खोड मोडावी लागते. ‘डिड’ आलं की भूतकाळ तिथेच संपला, ‘डिड यू पिक्ड’ नाही. आणि ‘पिक्ड’चा उच्चार ‘पिकड’ नाही. शेवटी ड लिहिलेला असला तरी तोंडात ट येतो, आणि तो पुढच्या ‘अप’ला जाऊन चिकटतो : पिक्-टप. ‘पिक इट अप’ तर एका दमात ‘पिकिटप’ असंच निघतं. नामात जोर पहिल्या भागावर पडतो, ‘पिक’वर. क्रियापदात जोर मागे सरकतो आणि ‘अप’वर येतो. गाडीचं नाव घ्या आणि मग ‘पिक इट अप’ म्हणा, फरक तोंडालाच कळेल.

अशा क्रियापदांना इंग्रजी व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात. त्यांची धास्ती आपल्यालाच वाटते असं नाही. सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपला इंग्रजी शब्दकोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं कबूल केलंय की क्रियापदाला मागून असा बारका शब्द जोडून अर्थ पालटायची जी इंग्रजीची रीत आहे, तिच्यात परक्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती होते. पण मला विचाराल तर मराठी माणसानं एवढं घाबरायचं कारण नाही, कारण आपण स्वतः हेच करतो. ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही. ‘बोलून बसला’ म्हणजे तो खुर्चीवर बसला नाही. ‘लिहून काढ’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून घे’, ‘लिहून दे’ या चारांत लिहिणं एकच, पण दुसरा शब्द बदलला की काम बदललं. हे आपल्याला कुणी यादी देऊन शिकवलं नाही. इंग्रजी शिकताना मात्र आपण ‘पिक अपचे बारा अर्थ’ अशी यादी पाठ करायला बसतो आणि सातव्या अर्थापाशी झोप लागते.

माझं म्हणणं असं की अर्थ बारा नाहीत, चित्र एकच आहे. काहीतरी कुठेतरी आहे, पडलेलं आहे किंवा थांबलेलं आहे. तुम्ही तिथे जाता, ते उचलता आणि आपल्याबरोबर पुढे नेता. बस. रुमाल खाली पडला, ‘पिक इट अप.’ बायको नाशिकरोड स्टेशनवर उतरून थांबलीय, ‘आय ॲम पिकिंग हर अप ॲट नाइन.’ घरी येताना मेनरोडवर थांबून चिवडा घेतला, ‘आय पिक्ड अप सम चिवडा ऑन द वे होम.’ यात ‘बॉट’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ‘पिक्ड अप’मध्ये वाटेत थांबलो आणि घेऊन निघालो हे आपोआप येतं. म्हणूनच गंगापूर रोडला घेतलेल्या फ्लॅटबद्दल कुणी ‘आय पिक्ड अप अ फ्लॅट’ म्हणालं तर तो बढाई मारतोय असं वाटेल, जणू कोथिंबिरीची जुडी उचलल्यासारखा फ्लॅट उचलला.

आता ‘अप’ काढून टाका. नुसतं ‘पिक’ म्हणजे वेगळंच काम. त्याचे मुख्य अर्थ दोन : निवडणं, आणि झाडावरून तोडणं किंवा खुडणं. ‘पिक अ कलर’ म्हणजे रंग निवड. ‘वी पिक ग्रेप्स इन फेब्रुवारी’ म्हणजे फेब्रुवारीत आमची द्राक्षकाढणी असते. अंगणातलं उदाहरण घ्यायचं तर मोगरा आणि प्राजक्त. मोगरा झाडावरून खुडतात, तो ‘पिक’. प्राजक्त स्वतःच पहाटे खाली सडा घालतो, तो वाकून वेचायचा, तो ‘पिक अप’. मराठीत ‘वेचणे’ मात्र दोन्हीकडे चालतं. जमिनीवरची फुलं वेचतात आणि झाडावरचा कापूसही वेचतात. म्हणून शब्दाला शब्द लावत बसू नका. वस्तू फांदीला आहे की सुटून पडलीय, एवढंच बघा.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर माझ्या वर्गातल्या एका पोराचा किस्सा सांगतो. निफाडकडचा, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर. नेदरलँड्सचा एक खरेदीदार त्याच्या मालकाकडून माल घेतो. तोडणी झाली की कळवायचं काम या पोराकडे. त्यानं अगदी उत्साहात मेसेज टाकला : ‘वी पिक्ड अप द ग्रेप्स यस्टर्डे.’ दहा मिनिटांत पलीकडून प्रश्न आला : ‘फ्रॉम व्हेअर?’

पोरगं चक्रावलं. कुठून म्हणजे? बागेतून! त्यानं मला फोन केला तेव्हा आवाजात चक्क राग होता. ‘सर, एवढे वर्ष माल घेतोय आपल्याकडून आणि विचारतोय कुठून आणला!’ पण विचारणाऱ्याचं चुकलं नव्हतं. ‘पिक्ड अप’ वाचून त्याला चित्र दिसलं ते गाडी कुठेतरी जाऊन तयार माल भरून आणल्याचं. निर्यातीच्या द्राक्षात हा साधा प्रश्न नसतो. बागेची नोंदणी असते, औषधांचे अंश तपासलेले असतात, कोणत्या पेटीत कोणत्या प्लॉटचा माल हे शोधता यावं लागतं. त्यात ‘आम्ही काल द्राक्षं जाऊन आणली’ असं कुणी लिहिलं तर खरेदीदाराच्या पोटात गोळा येणारच. बाहेरचा माल मिसळला की काय? दोन अक्षरी ‘अप’नं एवढं केलं. नुसतं ‘वी पिक्ड द ग्रेप्स’ पुरलं असतं.

त्या दिवशी आम्ही फोनवरच दुसरा मेसेज तयार केला : ‘सॉरी, आय मेंट वी पिक्ड द ग्रेप्स फ्रॉम अवर ओन प्लॉट. दे आर पॅक्ड. युवर ट्रक कॅन पिक देम अप टुमॉरो.’ तोडणी ‘पिक’नं, उचल ‘पिक अप’नं, आणि ‘देम’ हौद्यात. हा मेसेज मी आता दर नव्या बॅचला फळ्यावर लिहितो.

एकदा ते एक चित्र पक्कं झालं की लांबचे अर्थही त्यातूनच निघतात, आणि गंमत म्हणजे मराठी ‘उचलणे’ बहुतेक वाट आपल्याबरोबर चालतं. पोराला पोलिसांनी उचललं : ‘द पोलीस पिक्ड हिम अप.’ लेकरानं शेजारच्यांकडून शिव्या उचलल्या : ‘ही पिक्ड अप बॅड वर्ड्स.’ भाषेचंही तसंच. रामकुंडावर पूजेचं साहित्य विकणाऱ्या माणसाशी गुजराती यात्रेकरू बोलायला लागले की तो फडाफडा गुजरातीत सुरू होतो. तो कुठल्या वर्गाला गेलेला नसतो. ‘ही पिक्ड अप गुजराती फ्रॉम द पिल्ग्रिम्स.’ कानावर पडत होतं, उचललं. म्हणूनच फी भरून, वही घेऊन जे शिकता त्याला ‘पिक अप’ म्हणत नाहीत, ते ‘लर्न’. माझ्या वर्गाबद्दल कुणी ‘आय पिक्ड अप इंग्लिश इन हिज क्लास’ म्हणालं तर मी फळ्याकडे पाठ करून बसलो होतो असा अर्थ निघतो.

बाजाराचा अर्थ मात्र सावकाश बघण्यासारखा आहे, कारण तिथे बरेच जण घसरतात. ‘बिझनेस इज पिकिंग अप’ म्हणजे धंदा सावरतोय, उचल घेतोय. इथे कुणी कुणाला उचलत नाही, धंदा आपणच उठतो, त्यामुळे हौदा रिकामा. ‘कांद्याचे भाव वाढले’ला ‘प्राइसेस हॅव पिक्ड अप’ म्हणता येतं, पण कधी? भाव आधी पडलेले असतील तेव्हा. मातीमोल झालेला कांदा पुन्हा वर यायला लागला, ते पिक अप. भाव आधीच कडक आहेत आणि आणखी चढले तर ‘वेंट अप’ किंवा ‘रोज’ म्हणायचं. पडलेलंच उचललं जातं, हे इथेही लागू. वारा, वेग आणि पाऊस यांनाही हेच : ‘द विंड पिक्ड अप’, पडलेला वारा सुटला. ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड’, गाडीनं वेग घेतला.

बाकीचे भराभर सांगतो. ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’ : सर्दी झाली, कुठून तरी घेऊन आलो. ‘माय फोन इज नॉट पिकिंग अप एनी सिग्नल’ : त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर गेलात की हे वाक्य लागतंच. ‘आय विल पिक अप द बिल’ : मिसळीचे पैसे मी देतो, आणि हे वाक्य वेटर बिल ठेवायच्या आत म्हणायचं असतं. ‘आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू’ : हे प्रत्येक आई म्हणते, फक्त मराठीत, ‘तुझा पसारा आवरून आवरून माझी कंबर गेली.’ यात ‘आफ्टर’ आलं आणि माणूस त्याच्या मागे गेला, म्हणून तो हौद्यात येत नाही. आईनं चुकून ‘पिकिंग यू अप’ म्हटलं तर पसाऱ्याऐवजी ती पोरालाच उचलत बसेल.

एक अर्थ जपून वापरायचा. ओळख नसलेल्या माणसाला ‘पिक अप’ करणं म्हणजे गोड बोलून पटवणं असाही अर्थ होतो. ‘आय पिक्ड अप अ गर्ल ॲट कॉलेज रोड’ असं भाचीला क्लासवरून आणल्यावर कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातील. ‘आय पिक्ड अप माय नीस’ म्हणा, नातं सांगितलं की शंका मिटते.

स्टेशनवरच्या बाकीच्या गमतीही सांगून टाकतो, कारण आता सिंहस्थाच्या तयारीत प्रत्येक लॉजवाल्याला आणि टॅक्सीवाल्याला बाहेरच्या पाहुण्यांशी हे बोलावं लागणार. ‘तुम्हाला घ्यायला येतो’चं सरळ भाषांतर ‘आय विल कम टू टेक यू’ होतं, आणि ते ऐकून पाहुण्याला जरा धाकधूक होते, जणू यमदूत येतोय. ‘आय विल रिसीव्ह यू’ आपल्याकडे फार चालतं, पण रिसीव्ह पत्र करतात, पैसे करतात, किंवा मंत्री विमानतळावर दुसऱ्या मंत्र्याला करतो. ओझर विमानतळावर उतरणाऱ्या साध्या प्रवाशाला ‘आय विल पिक यू अप’ पुरे. आणि सोडायचं असेल तेव्हा? ‘मला सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, सोड’ याचं ‘लीव्ह मी ॲट सीबीएस’ केलं तर मला तिथे टाकून जा असा सूर लागतो. ‘ड्रॉप मी ऑफ ॲट सीबीएस’ म्हणायचं. बघा, ‘ड्रॉप’ आणि ‘ऑफ’मध्येही ‘मी’ हौद्यातच बसलाय.

फोनचंही असंच. ‘फोन उचल’ म्हणून आपण ‘लिफ्ट द फोन’ म्हणतो. इंग्रजीत फोन ‘पिक अप’ करतात, आणि बऱ्याचदा तर फोन हा शब्दही लागत नाही. ‘आय कॉल्ड यू थ्री टाइम्स, यू डिडन्ट पिक अप.’ ‘लिफ्ट’ म्हणजे जड वस्तू वर उचलणं, सिमेंटची गोणी. शिवाय ‘लिफ्ट’ला एक दुसरा वास आहे : उचलेगिरी. दुकानातून वस्तू लांबवणं, दुसऱ्याच्या लेखातला परिच्छेद जसाच्या तसा उचलणं, याला इंग्रजीत ‘लिफ्ट’ म्हणतात. म्हणजे आपल्या एका ‘उचलणे’ची इंग्रजीनं वाटणी करून घेतलीय. सरळ उचल ‘पिक अप’कडे, जड उचल आणि चोरटी उचल ‘लिफ्ट’कडे.

हे सगळं त्या पॅकहाऊसवाल्या पोराच्या डोक्यात इतकं बसलं की तो आता ‘उचल’ दिसेल तिथे ‘पिकअप’ लावतो. मागच्या आठवड्यात मालकाला इंग्रजीत हिशेब पाठवायचा होता. छाटणीच्या टोळीला हंगामाआधी वीस हजारांची उचल दिली होती, तर यानं लिहिलं, ‘गेव्ह अ पिकअप टू द लेबर्स.’ मी म्हटलं, अरे भाऊ, उचल म्हणजे ‘ॲडव्हान्स’. तू तर टोळीला गाडीच देऊन टाकलीस.